खालचं कोर्ट

मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजाराकडून आमच्या चाळीत शिरलं की पहिल्याच दारात एक मुलगी पुस्तक घेऊन बसलेली दिसते. डोक्यावरून विमानं उतरत असतात, रिक्षांचे हॉर्न थांबत नाहीत. तिची बोटं मात्र पुराव्याच्या कायद्यावरून सरकत राहतात. एलएलबी झाली, आता न्यायाधीश व्हायचंय. मी विचारलं, "हायकोर्टात का गं?" ती म्हणाली, "नाही काका, खालच्या कोर्टात."

'खालचं कोर्ट' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. जागेच्या दाव्यासाठी वडील लघुवाद न्यायालयात जायचे. इस्त्रीचा सदरा, पिशवीत भाडेपावत्यांचा गठ्ठा. एकदा मलाही नेलं होतं. पुकारा झाला, वडील उभे राहिले, आणि त्यांना शब्दच फुटेना. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सावकाश सांगा. मी ऐकतोय." वडील मग सगळं बोलले. निकालाचं त्यांनी घरी फार काही सांगितलं नाही. ते वाक्य मात्र मरेपर्यंत सांगत राहिले.

खालच्या कोर्टाचा विषय निघाला की मला माधवराव रानडे आठवतात. त्यांना आपण 'न्यायमूर्ती' म्हणतो. पण उच्च न्यायालयात ते बसले नोव्हेंबर 1893 मध्ये, आणि जानेवारी 1901 मध्ये गेले. म्हणजे जेमतेम सात वर्षं. त्याआधीची बावीस वर्षं खालच्या कोर्टांतली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा 1859 मध्ये झाली, तेव्हा उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांत हा निफाडचा मुलगा होता. 1866 मध्ये एलएलबी. डोळे आधीपासूनच अधू; वाचन पुष्कळदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. मला वाटतं, ऐकण्याची सवय तिथेच अंगी मुरली असावी.

1871 मध्ये पुण्याला दुय्यम न्यायाधीश, मग नाशिक, आणि 1879 मध्ये धुळे. वासुदेव बळवंत फडक्यांनी इंग्रजांविरुद्ध पुकारलेल्या बंडाचे ते दिवस. सरकारचा रानड्यांवर संशय, टपालावरही नजर. त्यांनी तक्रारीचा सूर न लावता धुळ्यात काम चालू ठेवलं. पुढे मुंबईत दंडाधिकारी, पुण्यात लघुवाद न्यायाधीश.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्यांचं नंतरचं काम. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. कर्जखतावर अंगठा आहे एवढ्यावर भागणार नव्हतं; व्यवहार पहिल्या रुपयापासून तपासायची मुभा न्यायाधीशाला मिळाली. या कायद्याखाली रानड्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडून कोर्टांचं काम तपासलं. कागदामागचा माणूस बघायचा, हे शिक्षण कुठल्या वर्गात मिळणार?

वरच्या कोर्टात बहुतेक वेळा कागद पोचतात. साक्षीदाराचा थरथरता हात, उलटतपासणीत कोरडा पडलेला घसा, मधेच मुलाकडे वळलेली नजर हे फक्त पहिल्या न्यायाधीशालाच दिसतं. मरोळमधल्या किती घरांना त्या कोर्टाच्या पुढे जायची ताकद असते? त्यांच्यासाठी तेच पहिलं आणि तेच शेवटचं कोर्ट. म्हणून 'खालचं' हा शब्द मला आता सोसवत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या कार्यालयाला बजावलं, की खटला चालवणाऱ्या न्यायालयाला 'खालचं' म्हणू नका. मी तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "काका, नाव काही द्या, पहिला पुकारा तिथेच होतो."

तिची वाट सोपी नाही. लोकसेवा आयोगाची पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. निवड झाली तर उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ती जरा हिरमुसली. मला मात्र निर्णय पटला. न्यायासनावर बसण्याआधी तारखेसाठी दिवसभर बाकावर ताटकळणाऱ्या माणसाशेजारी बसायला हवं.

वकिलीची सनद आली आहे. सोमवारपासून ती अंधेरीच्या कोर्टात एका वकीलबाईंच्या हाताखाली काम करणार आहे. वडिलांची भाडेपावत्यांची ती जुनी पिशवी मी तिला दाखवायला काढून ठेवली आहे.