किमतीचं कलम

आरोग्यक्षेत्रातल्या नव्या तंत्रज्ञानाला पैसा कुणी आणि कोणत्या अटीवर द्यावा, हे ठरवण्याचं काम मी करते. समोर आलेल्या करारात मी सगळ्यात आधी किमतीचं कलम शोधते. तयार झालेली वस्तू गरजूला कितीला मिळेल, हे तिथे लिहिलेलं असायला हवं. बऱ्याचदा ते नसतंच.

असलं तर काय घडतं, ते पुण्यात दिसलं. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी पुन्हापुन्हा येत. १९९६-९७मध्ये सुमारे अडीच लाख लोक आजारी पडले, पंचवीस हजार दगावले. २००१मध्ये गेट्स फाउंडेशनने ‘पाथ’ ही आरोग्यसंस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रकल्पाला सात कोटी डॉलरचं अनुदान दिलं. प्रकल्पप्रमुख मार्क लाफोर्स यांनी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना लस कितीला परवडेल ते विचारलं. उत्तर मिळालं, डोसला ५० सेंटच्या आत. मोठ्या कंपन्यांशी बोलणी फिसकटली. मग जिवाणूच्या आवरणातली शर्करा आली अ‍ॅमस्टरडॅमच्या कंपनीकडून, ती प्रथिनाला जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून, आणि उत्पादन उचललं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. तंत्र मिळालं, पण किमतीची हमी देऊन. विकासाचा बराचसा खर्च अनुदानातून भागल्यामुळे तो डोसमागे वसूल करायची वेळ कंपनीवर आली नाही. स्वस्ताईचं खरं कारण हे आहे. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली, ती ठरलेल्या किमतीतच. लस पोहोचली तिथून, ती ज्यावर होती त्या ‘ए’ गटाच्या जिवाणूच्या साथी हटल्या.

दुसरा करार अमेरिकेतला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी तिथल्या रुग्णसंस्थेने २०००च्या सुमारास ऑरोरा या कंपनीत पैसे घातले. त्यातला कितीतरी पैसा रुग्णांच्या घरच्यांनी निधीफेऱ्या काढून जमवलेला. २००१मध्ये ऑरोरा ‘व्हर्टेक्स’ने विकत घेतली. २०१२मध्ये या कामातून निघालेल्या ‘कॅलिडेको’ या औषधाला मंजुरी मिळाली. औषध अप्रतिम, आणि किंमत वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर! संस्थेने २०१४मध्ये आपले रॉयल्टीचे हक्क ३.३ अब्ज डॉलरना विकले व ती रक्कम संशोधनाकडे वळवली. तिच्या पैशाशिवाय हे औषध इतक्या लवकर आलं नसतं, हे मी मान्य करते. तरीही ज्या घरांनी ही सुरुवातीची जोखीम उचलली, त्यांच्या हाती किमतीवर बोलण्याचा अधिकार उरला नाही, हे मला फार लागतं.

म्हणून नफ्यासाठी जोखीम उचलणाऱ्या व्हेंचर कॅपिटलवर माझा राग आहे, असं नाही. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची असते. बहुतेक कंपन्या बुडणार आणि एखाददुसरी सगळं भरून काढणार, हे त्याचं गणित. सॉफ्टवेअरला ते लागू पडतं. गरिबांच्या आजारावरची लस मात्र त्या गणितात बसत नाही, कारण तिथे गिऱ्हाइकाच्या खिशात काही नसतं. म्हणून सुरुवातीची, सगळ्यात धोक्याची वर्षं देणगीच्या पैशाने पार करावीत, कारखाना वाढवायला भांडवल घ्यावं, असं मी सुचवते. पण देणगीदाराने पैसे देतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : गरीब देशांसाठी किमतीची मर्यादा, कंपनीने काम सोडलं तर ते तंत्र दुसऱ्याला देण्याचा हक्क, आणि कंपनी विकली गेली तरी नव्या मालकावर हीच बंधनं. तिसरी बहुतेक जण विसरतात. ऑरोराचं उदाहरण मी त्यांच्यापुढे ठेवते.

असं कलम घातलं तर कंपनी येईल कशाला, असं तरुण संस्थापक मला हमखास विचारतात. उत्तरादाखल मी पुन्हा सीरमकडे बोट दाखवते. ‘ए’ गट हटल्यावर नायजेरिया, नायजरमध्ये ‘सी’ गटाच्या साथी उसळल्या. इतर गटांवरच्या लसीसाठी ‘पाथ’ आणि सीरम पुन्हा एकत्र आले होते. ब्रिटिश सरकारच्या पैशातून त्यांनी पाच गटांवर चालणारी ‘मेनफाइव्ह’ तयार केली. २०२४मध्ये नायजेरियाने ती जगात सगळ्यात आधी द्यायला सुरुवात केली.