माझ्यातला चवथा भाग

मृत्युपत्र लिहावयास बसलेला माणूस बहुधा ‘माझे’ या शब्दापासून आरंभ करतो. माझे घर, माझे कुळागर, माझी ठेव. गोव्यात मात्र कायदा याच शब्दावर प्रथम बोट ठेवतो.

१९६१ साली पोर्तुगीज गेले. त्यांची १८६७ची नागरी संहिता राहिली. तिच्यातील वारशाची तत्त्वे डिसेंबर २०१६मध्ये अमलात आलेल्या राज्याच्या स्वतंत्र कायद्याने पुढे चालविली. लग्नापूर्वी निराळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक. समजा, दोघांची मिळून एक कोटीची मिळकत आहे. त्यांतले पन्नास लाख मुळातच पत्नीचे. उरलेल्या पन्नासांतील निम्मे मुलगे व मुली यांच्यासाठी समान राखीव. जुने लोक यालाच ‘लेजितिमा’ म्हणतात. पतीला मृत्युपत्राने स्वेच्छेने देता येतात ते केवळ पंचवीस लाख. ‘माझे’ म्हटलेल्याचा चवथा भाग! बेळगावचा वा पुण्याचा हिंदू गृहस्थ आपली स्वार्जित मिळकत दोन साक्षीदारांसमक्ष हव्या त्या व्यक्तीच्या नावे करून मुलीला वगळू शकतो. गोव्यातील बापाला, कायद्याने सांगितलेली गंभीर कारणे सोडता, ती मुभा नाही. गोमंतकीयाची मिळकत गोव्याबाहेर असली, तरी हाच नियम लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये सांगितले.

हे सारे अभिमानाने सांगण्याजोगे आहे. पण कायदा मुलीचा हिस्सा बापाच्या लेखणीपासून राखतो. भावाच्या विनंतीपासून तो राखू शकत नाही. दिवसकार्य आटोपले की नोटरीपुढे हक्कसोडीचा लेख होतो आणि बहिणी मुकाट्याने सह्या करतात. माझ्या मावशीनेही केली. पुढे एकदा ती म्हणाली की, सही केली नसती, तर चतुर्थीला माहेरी कोणत्या तोंडाने गेले असते? तिने पैशांची नव्हे, माहेराच्या उंबरठ्याची किंमत मोजली होती.

म्हणून वाटते, मृत्युपत्र करणाऱ्याने आपल्या हाती उरलेल्या त्या चवथ्या भागाचा नीट विचार करावा. घर राखणाऱ्या, म्हातारपणी सेवा करणाऱ्या मुलाला अधिक द्यायचे, तर ते त्यातून द्यावे. आणि आपण हयात असतानाच सर्वांना एकत्र बसवून सांगावे की, मुलींचा वाटा त्यांचा आहे; माझ्या पश्चात तो कोणी मागू नये. या सांगण्याला कायद्याचे बळ नसेल. पण बापाचा शब्द मोडणे भावांनाही सोपे जात नाही.