गेटपास

पालघरहून रोज बोईसरला उतरतो आणि रिक्षाने तारापूर एमआयडीसीत जातो. तिथल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. (तारापूर म्हटलं की पाहुण्यांना १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्रच आठवतं. तिथे नाही हो मी!)

माल, बिलं आणि गाड्यांचा हिशेब ठेवणारं आमचं अ‍ॅप्लिकेशन कारखान्याच्या आतच चालायचं. भिवंडी-वापीचे व्यापारी दिवसभर फोन करायचे, "भाई, गाडी निघाली का?" शेठ म्हणाले, "त्यांनाच बघू दे ना."

मी राउटरवर एक पोर्ट उघडलं आणि पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पत्ता फक्त आपल्या माणसांना माहीत, हा माझा भाबडा समज. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि ते एकेक करून ठोठावणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. सकाळी लॉगमध्ये 'अ‍ॅडमिन' नावाने पासवर्ड लावून बघितल्याच्या शेकडो ओळी होत्या.

पोर्ट बंद केलं. मग रीतसर केलं. आता आतला सर्व्हरच बाहेरच्या गेटवेशी जोडणी करतो, राउटरवर बाहेरून आत यायला एकही दार उघडं नाही. गेटवेवर पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड, मगच पुढे. लॉग १८० दिवस ठेवले, सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत ते आहेच.

मी निश्चिंत झालो. एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून चपला शोधत होतो, तेवढ्यात एका व्यापाऱ्याचा फोन आला. "भाई, माझं बिल बघताना पत्त्यातला शेवटचा आकडा चुकून बदलला, तर दुसऱ्याच पार्टीचं बिल उघडलं. त्यांना किलोमागे चार रुपये कमी लावलेत तुम्ही."

इथे मोबाइलचा कोड काय करणार? माणूस रीतसर आत आला होता. आमच्या गेटवरचा वॉचमन पासवर खातं लिहितो. वजनकाट्याचा पास घेतलेला ड्रायव्हर लॅबमध्ये शिरू शकत नाही. आमचं अ‍ॅप्लिकेशन मात्र 'कोण?' एवढंच विचारायचं, 'हे बिल तुझं का?' हे कधीच नाही. ऑफिसातल्या आम्हा पाच जणांना सगळंच दिसायचं, त्यामुळे तो प्रश्न लिहायची गरजच पडली नव्हती. ओवास्पच्या २०२१च्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे. मी ती यादी वाचलेली होती!

त्याच दुपारी सगळं बंद केलं आणि लॉग काढले. त्या व्यापाऱ्याने आकडा एकदाच बदलला होता. दुसऱ्या एका पार्टीने सलग तीन दिवस, एकेक आकडा वाढवत, सगळी बिलं बघितली होती. त्यांचा फोन काही आला नव्हता.

दुरुस्तीला अकरा दिवस लागले. आता प्रत्येक बिल उघडताना सर्व्हर पार्टी तपासतो. दोन खोट्या पार्ट्या बनवून मी स्वतः आकडे बदलून बघितले, मगच पुन्हा सुरू केलं.

पण ज्यांचे दर दिसले, त्यांचं काय? शेठ म्हणाले, "कशाला उगाच सांगायचं?"

"शेठ, त्यांचे दर आपल्याकडे अमानत होते."

ते काही बोलले नाहीत. सोमवारी फोन मात्र त्यांनी स्वतः केले, केबिनचं दार लावून.