बचत कोणाच्या ताटातून?

महिन्याची वीस तारीख उलटली की हॉस्टेलमध्ये दोन प्रकारच्या मुली दिसू लागतात. एक, जिचे पैसे संपले आहेत. आणि दुसरी, जिच्याकडे पहिली उसने मागायला येते! मी बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यामुळे डिग्री मिळायच्या आधीच 'चिंगूस' ही पदवी मला मिळालेली आहे. म्हटलं, मासिकाच्या निमित्ताने काटकसरीची बाजू एकदा मांडूनच टाकावी.

आमचं घर गडचिरोली जिल्ह्यातलं, जंगलाला लागून. बाबांची कमाई हंगामी, खाणारी तोंडं पाच. त्यामुळे आईचं अर्थशास्त्र पक्कं. धानाची मळणी झाली की ओळखीच्या शेतकऱ्याकडून तांदूळ एकदम घ्यायचा, कारण तेव्हा तो स्वस्त असतो. आठवडी बाजारात दिवेलागणीला जायचं. उरलेली भाजी डोक्यावर परत नेण्यापेक्षा बाया ढीगच्या ढीग कमी भावात देऊन टाकतात. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी भाजी आणि बांबूचे वास्ते. उन्हाळ्यात वड्या आणि वाळवणं. रात्रीचा भात उरला तर सकाळी फोडणीचा भात. यातलं काहीही वाया गेलेलं मला आठवत नाही.

रेशनचा मोठा आधार आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत झालं. पण नुसता भात कोण खातो? तेल, डाळ, साखर, चहापत्ती, गॅस हे सगळं विकतच आणावं लागतं. घरखर्चाची खरी लढाई तिथेच आहे.

गॅसच्या बाबतीत मात्र माझं इंजिनिअरिंग थोडंसं कामी आलं. पाणी एकदा उकळलं की आच कितीही मोठी करा, उघड्या भांड्यातल्या पाण्याचं तापमान वाढत नाही; वाफ तेवढी जास्त होते. म्हणजे वरण उकळल्यावर मोठी आच ठेवणं हे गॅस जाळून पाण्याची वाफ करणं! डाळ आधी भिजवा, झाकण ठेवा, उकळी आली की आच बारीक करा. कुकरमध्ये भात आणि वरण एकाच वेळी लावा. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हे शिकायला तुला कॉलेजात जावं लागलं काय?"

आम्ही ख्रिस्ती, त्यात माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट लहानपणापासून पाठ. पाच हजार लोक जेवले हा चमत्कार सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच्या पुढची ओळ मला जास्त आवडते. सगळे पोटभर जेवल्यावर येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. जो हवं तेवढं देऊ शकत होता, त्यालाही अन्न टाकलेलं चालत नव्हतं! आपल्या मेसमध्ये हात धुवायच्या जागेजवळचा तो ड्रम पाहिला की मला या टोपल्या आठवतात.

इथपर्यंत सगळं छान. पण काटकसरीची एक दुसरी बाजू आहे, ती सहसा कुणी लिहीत नाही.

मी बारावीला असताना आमच्या आशाताईंच्या सांगण्यावरून आईने आरोग्य केंद्रात रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. तेव्हा आमच्या घरातली बचत नेमकी कुठून होत होती ते सगळ्यांना कळलं. पहिलं ताट बाबांचं, मग आम्हा मुलांचं, आणि गंजाच्या तळाशी जे उरेल ते आईचं. अंडी चार आणली तर चौघांत संपायची. "मला नाही आवडत बाई," हे तिचं ठरलेलं उत्तर. हिशेबाच्या वहीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण वही जुळत होती ती त्यामुळेच.

त्या आठवड्यात बाबांनी नियम केला. पाचही ताटं एकदम वाढायची, सगळ्यांनी सोबत बसायचं, आणि भाजी कमी असेल तर पाचही ताटांत कमी. अंडी आणायची तर पाच, नाहीतर आणायचीच नाहीत. खर्च थोडा वाढला. मग बाबांचा खर्रा बंद झाला आणि तो हिशेबही जुळला!

बायबलमध्ये सारफथ गावच्या विधवेची गोष्ट आहे. दुष्काळात तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलेलं. त्यातून तिने एलीया संदेष्ट्याला भाकर दिली, आणि पुढे पीठ सरलं नाही, तेलही आटलं नाही. आम्हाला यातून नेहमी त्याग शिकवला जातो. पण नीट वाचलं तर पुढे संदेष्टा जेवला, मुलगा जेवला आणि तीसुद्धा जेवली. देवाने तिला उपाशी ठेवून कुणाचं पोट भरलं नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे जगून दाखवलं पंडिता रमाबाईंनी. त्यांचे आई-वडील 1874 मध्ये उपासमारीने गेले. भूक त्यांनी स्वतः भोगली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना, विधवांना सोबत घेऊन आल्या. आमचा चांदा तेव्हा त्याच मध्य प्रांतातला एक जिल्हा होता. गडचिरोली त्यातून वेगळा झाला 1982 मध्ये. एवढ्या जणींना खाऊ काय घालणार? रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगावला विहिरी खोदल्या, शेती आणि भाजीमळा केला, आणि मुलींना कामं शिकवली. काटकसर तिथेही होती, पण ती पंगत वाढवण्यासाठी होती, कुणाला पंगतीतून उठवण्यासाठी नव्हती.

मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत 1910 पासून एक रीत आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ मंडळीच्या कामासाठी बाजूला काढायची. गरीब घरही एक मूठ देऊ शकतं, आणि ती मूठ शिजायच्या आधी निघते, म्हणजे ती कुणा एकट्याच्या ताटातून जात नाही. यापेक्षा सोपा हिशेब मला तरी माहीत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो आणि मित्रांनो, मेसमध्ये आधी थोडं घ्या, लागलं तर पुन्हा घ्या. महिन्याच्या शेवटी पैसे वाचवायला नाश्ता सोडू नका. रिचार्ज आणि कोल्ड्रिंक आधी सोडा. आणि सुट्टीत घरी गेलात की घर काटकसरीने चालतं याचं कौतुक करण्याआधी एकदा आईच्या ताटात काय आहे ते बघा. तिने नाही म्हटलं तरी तिला सोबत जेवायला बसवा!