लेकरू बोलत का नाही?

पाठीमागे टाळकरी नसले तर कीर्तनकार कितीही तयारीचा असो, रंग भरत नाही. लेकराच्या बोलण्याचेही तसेच आहे. ते आधी ऐकते, मग म्हणून पाहते, आणि कोणी उत्तर दिले तर पुन्हा म्हणते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्दांची जोडी जमते. हुंकार मात्र जन्मतः ऐकू न येणारे मूलही पहिले काही महिने देते, म्हणून घरच्यांना शंका येत नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडे कोलामांचे पोड आहेत. तिथे घरात कोलामी चालते. ती मराठीची पोटबोली नव्हे, तेलुगू-गोंडीच्या द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे. एमेनो नावाच्या अमेरिकेतल्या पंडिताने तिच्यावर १९५५ साली ग्रंथ छापला. आम्ही शेजारी मात्र तिला ‘जंगलातली बोली’ म्हणून मोकळे होतो. पोडातले तीन वर्षांचे लेकरू आजीशी अखंड बडबडते. तेच अंगणवाडीत मराठीपुढे बसवले की मान खाली घालून गप्प. मग ‘मंद आहे’ हा शिक्का बसायला कितीसा वेळ लागतो? पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांतल्या गोरमाटी बोलणाऱ्या लेकरांचेही हेच.

माझ्याकडे अजूनही माणसे अबोल मूल घेऊन येतात. महाराज, डोक्यावर हात ठेवा, वाचा फुटू द्या, म्हणतात. कोणी मध-वेखंड चाटवून थकलेले असतात. (वर्षाच्या आतल्या लेकराला मध देऊच नये.) मी आधी विचारतो, माय, हे घरी बोलते का? बोलत असेल तर जिभेला काही झालेले नाही. अंगणवाडीत त्याच्या भाषेत उत्तर देणारे माणूस पाहिजे. २०२० च्या शिक्षण धोरणातही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असे लिहिले आहे. लिहिले आहे खरे.

पण घरीही गप्प असेल, मागे ताट पडले तरी वळून पाहत नसेल, तर कान तपासा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावे असे ठरलेले आहे, आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत लोक दोन-दोन वर्षे घालवतात, आणि नेमकी तीच वर्षे भाषा शिकायची असतात. पुढे श्रवणयंत्र लावले तरी ती भरून काढणे फार जड जाते. कपाळाला बुक्का लावून घ्यायचा तर जरूर घ्या. पण दवाखान्याकडे जाणारी एसटी त्याच दिवशीची पकडा.