‘इतर’ कोण?

मळवलीला आमच्या प्रार्थनालयामागे एक मोकळी जागा आहे. तिच्या एका अंगाला भातखाचरे आहेत आणि समोर लोहगड-विसापूरची जोडी उभी आहे. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल असतो. दिवाळीनंतर जमीन वाळली, की ती जागा कोणाची, यावरून गोड भांडण सुरू होते. थोरली मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळू पाहतात, धाकट्यांना फुटबॉल हवा असतो. चार वर्षांपूर्वी मीच पुढाकार घेऊन तिथे बांबूचे दोन गोलपोस्ट उभे केले आणि मैदान फुटबॉलचे, असा निवाडा दिला. तो निवाडा कोठून आला होता, हे मला गेल्या वर्षीपर्यंत उमगले नव्हते.

१९ जानेवारी २०२५ हा रविवार होता. त्या संध्याकाळी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी नेपाळला हरवून चषक जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. आमच्या काही मुलींनी तो सामना एकाच मोबाईलभोवती दाटीवाटीने बसून पाहिला. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “फादर, मैदानात दोन खांब पुरायचे आहेत. आम्हांला खो-खो खेळायचा आहे.”

मी प्रश्न धर्मग्राम परिषदेपुढे ठेवला. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ सभासद शांतपणे म्हणाले, “खो-खो, कबड्डी शाळेत आहेच, गावातही आहे. आपल्या मुलांनी आपले खेळ सांभाळावेत. फुटबॉल आपल्या लोकांचा.” दोन-चार माना डोलल्या. यावर काही बोलावे, असे मला वाटले. परंतु मी गप्प राहिलो आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या गृहस्थांनी जे मोठ्याने म्हटले, ते मी तीस वर्षे मनात म्हणत आलो होतो.

माझा जन्म संगमनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला. सुगी संपली, की खळ्यावर आमचा हुतूतू रंगे. रेषा काठीने आखायच्या आणि दम कोंडून समोरच्यांच्या अंगणात शिरायचे. आमच्या वस्तीतली ख्रिस्ती पोरे आणि गावातली इतर पोरे एरवी फारशी एकत्र येत नसत. पण पकड घालताना कोणी कोणाची जात किंवा धर्म विचारला नाही. ज्याच्या पायाला हात घालायचा, त्याला शिवायचे की नाही, हा विचार करायला वेळच कोठे असतो?

पुढे गुरुविद्यालयात गेलो. तिथे संध्याकाळचा खेळ म्हणजे फुटबॉल. गोव्याची, वसईची, केरळची मुले बूट घालून सराईतपणे खेळत. पहिल्याच आठवड्यात एकाने सहज विचारले, “तू गावाकडे काय खेळायचास?” मी म्हणालो, “फुटबॉल.” आयुष्यात लहानमोठी खोटी मीही बोललो असेन, हे एक मात्र अजून टोचते. मला कोणी हसले नव्हते. लाज मला माझीच वाटली होती. प्रार्थनालयामागचे ते गोलपोस्ट त्याच लाजेतून उभे राहिले होते.

वास्तविक आपल्या महाराष्ट्राने देशी आणि विदेशी खेळांत असे वैर पूर्वी मानलेले दिसत नाही. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. खो-खोला लेखी नियमांची शिस्त लावण्याचे आरंभीचे काम तिथेच झाले, आणि त्याच जिमखान्यात क्रिकेट व टेनिसही रुजले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखवली. आपले जगाला दाखवावे आणि जगाचे आपण शिकावे, असा तो दुहेरी व्यवहार होता.

उलट, आयर्लंडसारख्या आपल्याला धर्मबंधुत्वाने जवळच्या देशाने हे वैर थेट नियमपुस्तकात लिहून ठेवले. इंग्रजी सत्तेखाली हर्लिंगसारखे देशी खेळ लोपत चालले, म्हणून १८८४ साली तिथे गेलिक क्रीडासंघटना स्थापन झाली. कॅशेलचे महागुरुस्वामी क्रोक हे तिचे आश्रयदाते. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानाला त्यांचेच नाव आहे. हेतू चांगलाच होता. परंतु पुढे नियम आला, की सभासदाने फुटबॉल, रग्बी, क्रिकेट हे ‘परके’ खेळ खेळू नयेत आणि पाहूही नयेत. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी हयात वेचलेले डग्लस हाइड १९३८ साली राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी ते एका आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्याला हजर राहिले, एवढ्यावरून संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून दूर केले. ही बंदी १९७१ साली उठली.

या कडवटपणाला कारण नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. २१ नोव्हेंबर १९२० रोजी याच क्रोक पार्कवर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. त्यात चौदा माणसे मारली गेली. मायकल होगन हा खेळाडू त्यांतच होता. म्हणूनच २४ फेब्रुवारी २००७ या दिवसाचे मोल मोठे. डब्लिनचे दुसरे मैदान नव्याने बांधले जात असल्याने आयर्लंड-इंग्लंड रग्बी सामना क्रोक पार्कवर ठरला. इंग्लंडचे राष्ट्रगीत तिथे वाजणार, या कल्पनेने अनेकांच्या पोटात गोळा आला होता. ते वाजले आणि लोकांनी ते आदराने ऐकून घेतले. मग आयर्लंडने सामना ४३-१३ असा जिंकला. हर्लिंगचे त्यात काहीही गेले नाही. अंतिम सामन्याला ते मैदान आजही भरते.

हे वाचताना मला आपल्या विजय हजारे यांची आठवण झाली. सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१५ साली जन्मलेला हा फलंदाज. त्या काळी मुंबईत धर्मवार संघांची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा होत असे: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि पाचवा संघ ‘इतर’. हजारे त्या ‘इतरां’त. १९४३च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध दुसऱ्या डावात ‘इतरां’च्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! सामना हरला तो हरलाच. ती स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली. पुढे १९५२ साली मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार होते हजारे. ‘इतरां’तला तो माणूस आता साऱ्यांचा झाला होता.

हजाऱ्यांना ‘इतरां’त दुसऱ्यांनी बसवले होते. आम्ही मात्र आमच्या मुलींना आमच्याच हातांनी तिथे बसवायला निघालो होतो. ज्या मातीत त्या वाढल्या, त्या मातीचा खेळ ‘त्यांचा’ आणि फुटबॉल ‘आपला’, असे म्हणणारा माणूस स्वतःच कुंपणाबाहेर जाऊन उभा राहतो. क्रिकेटला किंवा फुटबॉलला परके म्हणणाराही तेच करतो. खेळ मुळात कोठला, यावरून तो आपला ठरत नाही. आपण त्यात किती घाम गाळला, यावरून ठरतो.

पुढच्या बैठकीत मी प्रथम माझे ते जुने खोटे सांगितले, आणि मगच प्रस्ताव मांडला: मंगळवार, गुरुवार व शनिवार खो-खो आणि कबड्डी, उरलेले दिवस फुटबॉल आणि क्रिकेट. हरकत कोणी घेतली नाही. फारसा उत्साहही कोणी दाखवला नाही.

त्या शनिवारी मी फक्की घेऊन रेषा आखीत होतो. मुली खांब पुरत होत्या. रेल्वेतले ते गृहस्थ कुंपणाशी बराच वेळ उभे होते. अखेर ते आत आले, खांबावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, “फादर, हा रंध्याने गुळगुळीत करून घ्या. खांब धरून वळताना मुलींच्या हाताला कुसळे लागतील.”

ते त्यांना कसे ठाऊक, हे मी विचारले नाही. त्यांनी मात्र चपला काढल्या आणि बसणाऱ्या आठ जणींच्या जागा पावलांनी मोजायला सुरुवात केली.