दिवा विझला तेव्हा कळले

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो थोरलीच्या इंजिनिअरिंगसाठी. जुना घेतलेला, टेबलावर ठेवायचा. लेक पुण्याला वसतिगृहात आणि कॉम्प्युटर अंबरनाथला आमच्या दोन खोल्यांत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे सारे काम त्यातच होते. तिच्याजवळचा लॅपटॉप कोणाचा तरी मागून आणलेला, त्यात ते मावत नव्हते. म्हणून तिने युक्ती केली, पुण्यात बसून घरचा कॉम्प्युटर जागा करायचा.

ती म्हणाली, "आई, तो बंद असला तरी त्याचा एक कान उघडा असतो." आम्हा दोघांनाही नवल वाटले. मग तिने समजावून सांगितले. कॉम्प्युटर बंद केला तरी केबल जोडायच्या कार्डाला थोडीशी वीज मिळत राहते. प्रत्येक कार्डाला बारा अक्षरी स्वतंत्र पत्ता असतो. घरच्या जाळ्यात एक छोटा संदेश सोडायचा. त्यात आधी ठरावीक खूण आणि मग तोच पत्ता ओळीने सोळा वेळा. एकूण 102 बाइट. आपले नाव सोळा वेळा ऐकले की कार्ड कॉम्प्युटरला उठवते. 1995 च्या सुमारास एएमडी आणि ह्यूलेट पॅकार्ड यांनी ही सोय पुढे आणली. तिला 'मॅजिक पॅकेट' म्हणतात, पण त्यात जादू काही नाही.

हा पुकारा घरातल्या घरातच ऐकू जातो. बाहेरून आलेला पुकारा राउटर सहसा आत सोडत नाही. म्हणून तिने आमचा जुना मोबाईल राउटरशेजारी चार्जरला लावून ठेवला. पुण्याहून ती तो मोबाईल उघडणार आणि मोबाईल घरातून हाक मारणार. राउटरच्या बटणावर तिने कागद चिकटवला : 'बंद करू नका.' रविवारी आमच्यासमोर चार वेळा करून दाखवले. चारही वेळा कॉम्प्युटर उठला.

सोमवारी उठला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत प्रकल्पाचा अहवाल द्यायचा होता. आम्ही दोघेही कामावर. एक कारखान्यात, तिथे मोबाईल दारावर जमा करावा लागतो. एक रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात. घराला कुलूप. रात्री आम्ही कॉम्प्युटर चालू केला तेव्हा तिला फायली मिळाल्या. सरांनी दुसऱ्या दिवशी अहवाल घेतला, पण उशिराचे गुण कापले. आमच्यापैकी एकाने, म्हणजे लेकीच्या बापाने, फोनवर तिला सुनावले : "एवढे शिकलीस आणि साधा कॉम्प्युटर चालू करता येत नाही?" ती काही बोलली नाही. दुसऱ्यानेही त्याला अडवले नाही.

शनिवारी ती घरी आली आणि एकेक गोष्ट तपासत बसली. आधी बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाची मूळ मांडणी. तिथे नेटवर्कवरून जागे होण्याची परवानगी चालू होती. वीज वाचवण्याची 'ईआरपी' नावाची सोय चालू असली तर कार्डाची वीज तुटते, ती बंदच होती. मग विंडोजमध्ये कार्डाला कॉम्प्युटर उठवण्याची मुभा आहे का ते पाहिले. होती. एक दोष मात्र सापडला. 'फास्ट स्टार्टअप' चालू असल्यामुळे कॉम्प्युटर पुरता बंद न होता अर्धवट अवस्थेत जात होता आणि त्या अवस्थेतून कधी उठे, कधी नाही. ते बंद केले. रविवारी दहा वेळा हाक मारली, दहाही वेळा उठला. आमच्या जिवात जीव आला.

सोमवारी पुन्हा नाही!

रात्री तिने फोनवर विचारले, "आई, मागे केबल जिथे खोचली आहे तिथे बारीक हिरवा दिवा दिसतो का? उद्या निघताना बघ." सकाळी पाहिले तर दिवा होता. मग रोजच्याप्रमाणे कुलूप हातात घेऊन बोर्डावरचे बटण बंद केले आणि डोळ्यांदेखत तो दिवा विझला.

रविवारी आम्ही घरी असतो, म्हणून बटण चालू असते. सोमवारी बाहेर पडताना बंद. राउटरच्या बटणावर कागद होता, या बटणावर नव्हता. आणि बंद कॉम्प्युटरचे बटण चालू ठेवायचे, हे आमच्या मनात तरी कसे यावे? घराबाहेर पडताना सगळी बटणे बंद करायची, बिल वाढू द्यायचे नाही, हेच आम्ही आयुष्यभर करत आलो आणि लेकीलाही तेच शिकवले.

बटण पुन्हा चालू केले, तरी दिवा लागला नाही. कॉम्प्युटर एकदा चालू करून रीतसर बंद केला, तेव्हा लागला. म्हणजे वीज गेली तरी हीच अडचण येणार. म्हणून वीज परत आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, अशी मांडणी लेकीने नंतर बायोसमध्ये केली. आम्ही बिलाचाही हिशेब विचारला. दोन वॅट धरले तरी महिन्याला दीड युनिटच्या आत. कापलेल्या गुणांपुढे ते काय?

त्या रात्री बापाने फोन केला आणि म्हणाला, "चूक माझी होती." ती म्हणाली, "पप्पा, माझीही. कान उघडा असतो एवढे सांगितले, तो कशाने उघडा राहतो ते सांगितलेच नाही."

वाचकहो, ज्यांची मुले बाहेरगावी शिकतात त्यांना एवढेच सांगणे. मुलांनी घरात काही यंत्र लावून दिले तर ते कशावर चालते तेही विचारून घ्या. आणि बंद पडले तर आधी बोर्डावरचे बटण पाहा, मग लेकराला बोला. आता आमच्या भिंतीवर दोन कागद आहेत. दुसरा तिच्या आईने स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे.